वाळवीचं शिफारसपत्र

एका जंगलात एक कॉलेज होतं. हो हो, जंगलातच. त्यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या गावात जंगल औषधालाही उरलं नाही आणि कॉलेजं मात्र गल्लोगल्ली आहेत, त्याला कोणी हसतं का? मग गप्प बसा आणि ऐका. मांडी घालून बसायचं. ए, पाय कोणाचे आहेत ते? आत घ्या.

तर बाळांनो, कॉलेजचं नाव होतं भुयारविद्या महाविद्यालय. बीळ कसं खणावं, भुयार कसं काढावं, पाणी शिरू नये म्हणून त्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवावं, हे सगळं तिथे शिकवत. कॉलेज भरायचं एका गुहेत. गुहा आयतीच होती, कॉलेजने तिच्यात एक ढेकूळही हलवलं नव्हतं. प्राचार्या होत्या अस्वलबाई. अंगाने भारदस्त, आवाज जाड, आणि दुपारची झोप अशी की दारावरून हत्तींची वरात वाजतगाजत गेली तरी कूस बदलायच्या नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं आयत्या गुहेत अस्वल.

त्याच जंगलात एक खवले मांजर राहायची. खवले मांजर माहीत आहे ना? नाही? अरे देवा! शिकवतात काय तुम्हाला शाळेत? नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. अंगभर खवले, ही एवढी लांब जीभ, आणि खायला मुंग्या नाहीतर वाळवी. घाबरलं की अंगाचा गोळा करून बसतं. मग समोर वाघ असो की पाहुणे, उलगडायचं नाव नाही.

या खवले मांजरीला दोन पोरं. थोरल्या मुलीचं नाव गुंडी, आणि धाकटा नुसताच धाकटा. गुंडी भारीच लाजाळू. कोणी प्रेमाने "नाव काय गं बाळ तुझं?" विचारलं तरी ही गोल.

पण गुंडीच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. दर पावसाळ्यात त्यांचं बीळ कोसळायचं. झडीचे दिवस आले की वरची माती फुगायची आणि भद्दकन अंगावर यायची. मग सगळ्यांनी चिखलातून नाक वर काढत बाहेर पडायचं. गेल्या वर्षी धाकट्याला बाहेर ओढायला जरा उशीर झाला. वाचला बिचारा. पण तेव्हापासून तो बिळात झोपेना. सगळे आत, आणि हा एवढासा जीव दाराशी, भर पावसात, कुडकुडत बसलेला. गुंडीला ते बघवत नसे. तिने ठरवलं, न पडणारं बीळ खणायला शिकायचं. काय वाटेल ते होवो, या कॉलेजात जायचं.

प्रवेशासाठी खणण्याची परीक्षा असे. त्यात गुंडी पहिली आली. यादीत सगळ्यात वर तिचं नाव.

आता खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. मीही घरी गेलो असतो आणि तुम्हीही. पण अर्जाच्या तळाशी दोन ओळी होत्या. 'सोबत स्वतःविषयी निबंध जोडावा (ऐच्छिक). आपणांस जवळून ओळखणाऱ्यांचं शिफारसपत्र जोडावं (ऐच्छिक).'

"आई, ऐच्छिक आहे," गुंडी म्हणाली. "म्हणजे नाही दिलं तरी चालतं."

"चालतं?" आई उसळलीच. "अगं, लग्नपत्रिकेवर काय छापलेलं असतं? 'कृपया आहेर आणू नये.' मग काय आणत नाहीत लोक? साळिंदरांचं काय झालं विसरलीस?"

साळिंदरांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. हत्तिणीच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर स्वच्छ लिहिलं होतं, आहेर आणू नये. सगळं जंगल आहेर घेऊन गेलं. साळिंदरकाका तेवढे लिहिलेलं खरं मानून सहकुटुंब हात हलवत गेले, पोटभर जेवले आणि घरी आले. त्याला कितीतरी पावसाळे लोटले. नवरीला नातवंडं झाली. पण अजून साळिंदरकाका पाणवठ्यावर दिसले की हरणी एकमेकींना कोपर मारून म्हणतात, "तेच ते, आहेर न आणलेले."

"तसं नाव पाडून घ्यायचंय का आपल्याला?" आई म्हणाली. गुंडी गोल झाली.

तिची आई एकटीच असा विचार करत होती असं नाही हं. ऐच्छिक म्हटल्यावर सगळं जंगल कामाला लागलं होतं. सक्तीचं असतं तर निम्म्यांनी टाळलं असतं.

सरडेसरांनी लगेच निबंधाचे वर्ग काढले. "बोला, कुठल्या रंगाचा निबंध हवा?" सर विचारायचे आणि लगेच स्वतः त्या रंगाचे होऊन दाखवायचे. त्यांचं म्हणणं, निबंधात एक संकट हवं आणि एक सेवा हवी. संकट नसेल तर सर देत. सशाच्या घरात सगळं खुशाल चाललेलं, तरी त्याच्या निबंधात वणवा लागला. हरणाच्या निबंधात दुष्काळ पडला आणि त्याने आपल्या वाटणीचं पाणी शेजाऱ्याला दिलं. शेजाऱ्याला हे निबंध वाचूनच कळलं.

सेवेसाठी सगळ्यांनी कासवआजोबांना धरलं. म्हाताऱ्यांना ओढा ओलांडायला मदत करणे, असा विषय होता. आता कासवाला ओढा ओलांडायला मदत लागते का रे? जन्मभर पोहतायत ते! पण विचारतो कोण? या काठावरच्या पोरांनी त्यांना उचलून त्या काठाला न्यावं, त्या काठावरच्या पोरांनी पुन्हा इकडे आणावं. आजोबा सकाळी शेवाळ खायला निघाले, ते दिवसभर नुसते ये-जा करत राहिले. "अरे मेल्यांनो, मला घरी जाऊ द्या!" म्हणून ओरडायचे. पोरं म्हणायची, "आजोबा, फक्त एकदाच, माझं राहिलंय."

आणि शिफारशीसाठी सगळे गेले वाघोबाकडे. वाघोबा कोणालाच ओळखत नव्हता. पण त्याच्या पंज्याचा ठसा म्हणजे ठसा! गुहेच्या दाराशी त्याचा कारभारी तरस बसायचा. तो एकेकाला आत सोडायचा. वाघोबा मोठ्या मनाचा. कोणाला नाही म्हणत नसे. 'मी यांना लहानपणापासून ओळखतो' असं म्हणून ठसा देई. पत्र तरसाच्या हाती बाहेर येई. अर्जदार मात्र दर वेळी बाहेर येत असेच असं नाही. ते वाघोबाला त्या वेळी भूक आहे की नाही, यावर असे. तरीही रांग काही हटत नव्हती.

का हसताय? तुमचे आईबाप नसते उभे राहिले?

असो. गुंडीच्या आईने तिला सरडेसरांकडे नेलं.

"हिचं संकट काय?" सरांनी विचारलं.

"आमचं बीळ कोसळतं," गुंडी हळूच म्हणाली.

"हॅ! बीळ काय सगळ्यांचंच कोसळतं. त्यात चमक नाही. पुराने वाहून गेलं असं करू या का? तू मगरीच्या पाठीवर बसून..." सर रंगात आले, म्हणजे खरोखरच लाल झाले, आणि गुंडी गोल झाली. सरांनी तिला हलवून बघितलं, टकटक केलं, शेवटी दाराबाहेर लोटून दिलं. घरंगळत घरंगळत पोर घरी आली.

घरी तिने आपला आपण निबंध लिहिला. 'मला न पडणारं बीळ खणायला शिकायचंय. माझा भाऊ पावसात बसतो.' संपला निबंध.

राहिली शिफारस. वाघोबाकडे जायला ती तयार होईना. शहाणी मुलगी. मग तिने अर्जावरची ओळ पुन्हा वाचली. आपणांस जवळून ओळखणाऱ्यांचं. तिने खूप विचार केला. आपल्याला जवळून कोण ओळखतं? रोज भेट कोणाची होते? अगदी जवळून?

आणि ती गेली वारुळाकडे. वाळवीच्या.

वारूळ करवंदीच्या जाळीमागे होतं. बाहेरून कोणाला दिसायचं नाही. वाळवीची राणी आतून ओरडली, "आलीस? अजून जेवणाची वेळ झाली नाही."

"खायला नाही आले आज," गुंडी म्हणाली. वाळवीपुढे ती लाजत नसे. रोजचं घर ते. "शिफारसपत्र हवंय."

सगळी वाळवी खो खो हसत सुटली.

"वा गं वा!" राणी म्हणाली. "खाताना कधी विचारलं नाहीस, आणि शिफारशीला बरी आमची आठवण झाली!"

"तुमच्याइतकं जवळून मला कोणीच ओळखत नाही."

हे राणीला पटलं. ती म्हणाली, "देते. पण दोन अटी. आजपासून या वारुळाला तोंड लावायचं नाही. आणि आमचा पत्ता कोणालाही सांगायचा नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही."

या वारुळासारखी चव ओढ्यापर्यंत कुठे नव्हती. पण गुंडीने कबूल केलं. मग वाळवीने सागाचं एक मोठं पान घेतलं आणि कुरतडून कुरतडून त्यावर पत्र लिहिलं. ते असं होतं :

'ही मुलगी आम्हाला रोज खाते, त्यामुळे आम्ही तिला चांगलं ओळखतो. ती एका अंगाने बारीक भोक पाडते. कमानीला धक्का लावत नाही. पोटापुरतं खाते आणि जाताना भोक बुजवून जाते. खणणाऱ्याच्या अंगी हेच हवं. अस्वलंही येतात. ती आली की घरच राहत नाही. कळावे. राणी आणि उरलेले सगळे.'

आता तुम्ही म्हणाल, एवढे ढीगभर निबंध आणि शिफारशी, कॉलेजात वाचायचं कोण? बाळांनो, कोणी नाही. प्रवेश व्हायचे खणण्याच्या गुणांवरच. निबंध असायचे पानांवर, आणि अस्वलबाईंच्या गुहेतली जमीन होती दगडाची. पूर्वी त्यांची पाठ फार दुखायची. मग एका वर्षी त्यांनी अर्जाच्या तळाशी त्या दोन ओळी घातल्या आणि बाईंची गादी झाली. निबंध खाली, कारण ते मऊ असतात, भावना फार त्यांत. शिफारशी उशाला, कारण त्या ताठ असतात. त्यावर बाई दुपारी ताणून देत.

गुंडीचा अर्ज आला त्या दुपारीही दिली. आणि आक्रीत घडलं. बाईंना जाग आली! नाकाशी कसला तरी वास येत होता. खमंग, ओळखीचा, लाळ गळायला लावणारा. त्यांनी उशी उसकटली आणि ते सागाचं पान ओढून काढलं. आधी चाटलं. मग वाचलं. कॉलेजच्या इतिहासात वाचलं गेलेलं हे पहिलं शिफारसपत्र. अस्वलांविषयी जे लिहिलं होतं त्याचा बाईंना मुळीच राग आला नाही. उलट वाळवी आपली आठवण काढते हे बघून त्यांना भरून आलं.

त्यांनी तातडीने गुंडीला बोलावणं धाडलं.

"ये बाळ, बस. नाव काय तुझं?"

गुंडी गोल. बाई थांबल्या. बऱ्याच वेळाने ती थोडी उलगडली.

"किती छान शिफारस आणलीस गं! अशी मी आजवर वाचली नव्हती," बाई म्हणाल्या. खरंच होतं ते. "ही मंडळी राहतात कुठे?"

"कशाला?"

"नियम आहे बाई. शिफारस देणाऱ्यांची खातरजमा करावी लागते. मी स्वतः जाऊन करते." एवढं बोलून बाईंनी तोंड पुसलं.

"पत्ता सांगणार नाही असं मी कबूल केलंय." परक्या माणसापुढे गुंडी जन्मात पहिल्यांदा एवढं सलग बोलली. परक्या अस्वलापुढे, असं म्हणा. मध्येच चुका काढायच्या नाहीत.

बाईंचा आवाज एकदम मधाळ झाला. "हे बघ, यादीत तुझं नाव पहिलं आहे. ते तसंच राहावं असं वाटतं ना तुला? मग सांग बरं. सक्ती नाही हं. ऐच्छिक आहे."

गुंडीच्या डोळ्यांपुढे धाकटा आला. दाराशी बसलेला, ओलाचिंब. तिला ती जागा हवी होती. जीव तुटत होता तिचा. एक शब्द बोलली असती, 'करवंदी' एवढाच, तरी काम झालं असतं. तिचे डोळे भरून आले. मग तिला ते हसणं आठवलं, वारुळातलं. आणि ती गोल झाली. अशी घट्ट, की बाईंनी ओरखडलं, लोटलं, भिंतीवर आपटलं, वरून बसून बघितलं, तरी उलगडली नाही.

बाईंनी यादीतून तिचं नाव काढलं. शेरा मारला, 'अर्जदार मनमोकळी नाही.' ती जागा यादीतल्या पुढच्या सशाला मिळाली. त्याला वाघोबाची शिफारस होती. तो ससा त्या रांगेतून परतलाच नव्हता, त्यामुळे कॉलेजात कधी आला नाही. पण कागदोपत्री जागा भरली.

गुंडी घरी येऊन खूप रडली. आईला सगळं कळलं तेव्हा तीही रडली. "माझंच चुकलं गं," म्हणाली. "मेला तो आहेर! लिहिलेलं खरं मानलं असतं तर आज तू आत असतीस."

दुसऱ्या दिवशी गुंडी वारुळाकडे गेली. शब्द दिला होता, तो पाळला एवढं सांगायला. राणीने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "त्या अस्वलीकडे तू काय शिकणार होतीस गं? अस्वल खणतं ते खायला, राहायला नाही. आमची घरं पिढ्यान् पिढ्या पावसात उभी आहेत. ये, आत डोकं घाल. फक्त डोकं! आणि जीभ आत ठेव."

असं गुंडीचं शिक्षण सुरू झालं. तिच्या नाकावर दोन सैनिक पहाऱ्याला बसवले होते. जिभेचं टोक दिसलं की ते कडकडून चावायचे. फार हाल झाले पोरीचे. समोर पंचपक्वान्नं चालतायत आणि आपण कमान बघायची! पण ती शिकली. कमान कशी धरायची, पाण्याला वाट कुठून द्यायची, हवेचं भोक कुठे ठेवायचं. भूक लागली की ओढ्यापलीकडे जाऊन बेचव मुंग्या खाऊन यायची. उन्हाळाभर तिने एक बीळ खणलं. ऐसपैस, अर्धं जंगल मावेल एवढं.

मग झड लागली. अशी लागली की थांबायचं नाव घेईना. जंगलातली बिळं पटापट बसली. कॉलेजातल्या हुशार पोरांनी गुहेतलं पाणी काढायला चर खणला, पण उतार काढला आतल्या बाजूला. गुहेचं तळं झालं आणि त्यावर निबंध तरंगायला लागले.

गुंडीचं बीळ उभं होतं. धाकटा दाराशी आला. भिंतीला नाक लावून बघितलं. जरा टोकरून बघितलं. मग आत आला, आईच्या कुशीत शिरला आणि घोरायला लागला. गुंडी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तुम्हाला सांगतो, कुठल्याही यादीत पहिलं येऊन जेवढा आनंद होतो, त्याच्या कितीतरी पट झाला तिला.

आईनेही काही कमी केलं नव्हतं. तिने दारावर पाटी लावली होती. 'आसरा मिळेल. सोबत निबंध व शिफारसपत्र आणावं (ऐच्छिक).'

"आई, हे काय?" गुंडी म्हणाली.

"राहू दे. जंगलाला कळू दे जरा," आई म्हणाली.

पहिल्यांदा आले साळिंदरकाका, सहकुटुंब, भिजून काटे लोंबतायत. त्यांनी पाटी वाचली. "ऐच्छिक आहे होय? मग नाही आणलं," म्हणाले आणि पोराबाळांना घेऊन आत येऊन बसले. हात हलवत. कोरडे ठणठणीत.

मागून अस्वलबाई आल्या. केसांतून पाणी निथळतंय, दातांवर दात वाजतायत. त्यांनी पाटी वाचली आणि गालातल्या गालात हसल्या.

"ऐच्छिक! मला शिकवता? अहो, हे मीच लिहीत होते."

गुंडीच्या आईला त्यांची ती दशा बघून कसंतरीच झालं. "नाही हो बाई, खरंच ऐच्छिक आहे. काही नको. या आत."

"बघा! आग्रह करताय, म्हणजे नक्कीच लागतं."

"अहो बाई, या ना आत," गुंडीही गोळ्यातून म्हणाली. "भिजताय तुम्ही. शप्पथ काही लागत नाही."

"शप्पथ घेताय? मग तर चांगलं मोठ्या माणसाचं लागत असणार," बाई म्हणाल्या. "मी काही साळिंदर नाही लाज सोडून रिकाम्या हाताने यायला. आलेच." आणि भर पावसात वळून तरातरा निघाल्या, वाघोबाच्या गुहेकडे.

दारात तरस होताच. त्याने बाईंना रांग न लावता आत सोडलं. प्राचार्या ना त्या!

शिफारस मिळाली म्हणतात. चांगली लांबलचक आहे. अर्जदार मात्र अजून परत आलेली नाही.

तात्पर्य : आपण ज्यांना रोज खातो, त्यांना पुरतं संपवू नये. थोडे शिल्लक ठेवावेत. शिफारशीला तेच उपयोगी पडतात.

(हे तात्पर्य ऐच्छिक आहे. ज्यांना नको त्यांनी खुशाल रिकाम्या हाताने घरी जावं. कोण कोण घेत नाही, ते मी इथे बसून बघतोय.)